लोकशिक्षकाने शिकावे कोठे?

शाळेत शिकविणाऱ्या मास्तरांची तयारी कशी व्हावी, ह्या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यांच्यासाठी ट्रेनिंग कॉलेजे निघाली, परीक्षा ठरल्या, पदव्या आल्या. पाठाचे टाचण कसे काढावे येथपासून फळ्यासमोर उभे कसे राहावे येथपर्यंत सर्व गोष्टींचे शास्त्र झाले. वैद्याचे, वकिलाचे, परिचारिकेचेही तसेच. परंतु शाळेच्या भिंतीबाहेर शिक्षणाचे जे मोठे काम चालते, ते करणाऱ्यांनी शिकावे कोठे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तीमध्ये रात्रीचा वर्ग चालविणारा तरुण, बाळंतिणीच्या खोलीत जाऊन तिच्या सासूला दोन गोष्टी पटवून देणारी सेविका, बचत गटातील बायकांना व्याजाचा हिशेब उलगडून दाखविणारी कार्यकर्ती, ही सारी माणसे शिक्षकच होत. त्यांच्यापाशी फळा नसतो, घंटा नसते, आणि विद्यार्थी तर बहुधा त्यांच्याहून वयाने वडील असतो.

अशा कामाला तळमळ असली म्हणजे पुरे, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. तळमळ हवीच, पण केवळ तळमळीवर शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्या माणसाच्या हाती कोणी आपले पोट देणार नाही. शाळेतील मूल कंटाळले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात येते, कारण त्याला आणून बसविणारे कोणी तरी असते. प्रौढ मनुष्य कंटाळला किंवा दुखावला गेला, की उठून जातो, आणि आपण का गेलो हे बहुधा सांगतही नाही. शिकविणाऱ्याला वाटते, लोकांनाच शिकण्याची हौस नाही! ह्या एका गैरसमजापायी किती वर्ग ओस पडले असतील, ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

महाराष्ट्रात ह्या गोष्टीची जाण फार लवकर आलेली होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा पदवीधर तरुणांनाही त्यांनी एकदम कामावर धाडले नाही. सभासदाची पहिली पाच वर्षे उमेदवारीची धरलेली होती. त्यांतील काही काळ समाजाच्या निवासात बसून अभ्यास करण्यात आणि काही काळ देश हिंडून पाहण्यात घालवावयाचा, असा दंडक होता. देशसेवेसाठी सर्वस्व सोडून आलेल्या मनुष्याला पाच वर्षे शिकत राहावयास सांगणे हे त्या काळी अनेकांस विचित्र वाटले असल्यास नवल नाही. परंतु ह्याच समाजातील नारायण मल्हार जोशी ह्यांनी पुढे १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये व सहकारी पतपेढ्या ह्यांच्याद्वारे कामगारांच्या शिक्षणाचा पाया घातला. उमेदवारीची वर्षे फुकट गेली नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

त्यानंतरचा टप्पा नागपाड्याचा. अमेरिकन मराठी मिशनने १९२६ साली मुंबईच्या ह्या दाट वस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ नावाचे केंद्र उभारले. त्याचे प्रमुख डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट. वस्तीतच राहून वस्तीचे काम करावयाचे, ही कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून, म्हणजे १८८४ पासून, चालत आलेली. काम करता करता मॅन्शार्टना जे उणे जाणवले ते हे, की सहृदय माणसे पुष्कळ मिळतात, पण शिकून तयार झालेली मिळत नाहीत. ह्या जाणिवेतून सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने १९३६ साली समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. ते आरंभी ह्या नागपाड्यातच भरत असे. पुढे १९४४ साली त्याला टाटा समाजविज्ञान संस्था असे नाव मिळाले आणि १९५४ पासून ते देवनारला आहे. तेथील शिक्षणात आरंभापासून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: विद्यार्थ्याने आठवड्यातील काही दिवस वर्गात आणि काही दिवस प्रत्यक्ष वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात काढावयाचे, आणि तेथे जे घडले त्याची टिपणे अनुभवी माणसाबरोबर बसून तपासावयाची. पुस्तक आणि वस्ती ह्यांचा असा मेळ घालण्याची पद्धत समाजकार्याच्या इतर विद्यालयांनीही उचलली.

मात्र विद्यालयातून बाहेर पडणारे पदवीधर ते कितीसे? स्वातंत्र्यानंतर खेड्याखेड्यांतून विकासाचे काम सुरू करावयाचे ठरले, तेव्हा हा प्रश्न एकदम मोठा होऊन उभा राहिला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला. पहिल्या खेपेस ५५ क्षेत्रे निवडलेली होती आणि खेड्यांत जाऊन लोकांस शिकविणारा मनुष्य म्हणून ‘ग्रामसेवक’ ही नवी असामी निर्माण करण्यात आली. एका ग्रामसेवकाकडे साधारणतः दहा गावे. बी-बियाणे त्यानेच सांगावे, खताचे खड्डे त्यानेच खणवून घ्यावेत, गुरांच्या रोगांवर, विहिरींच्या पाण्यावर, प्रौढांच्या वर्गावर नजरही त्यानेच ठेवावी! आणि ह्या सगळ्याची तयारी आरंभी अवघ्या सहा महिन्यांत उरकावयाची. पुढे ही मुदत वाढविण्यात आली, हे खरे. परंतु १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने जो अहवाल दिला, त्यात लोकांचा स्वतःचा उत्साह व पुढाकार ह्या योजनेला जागविता आला नाही, असेच मत नोंदलेले आहे. दोष एकट्या ग्रामसेवकाचा नव्हता. त्याच्या शिक्षणाची कल्पनाच अशी होती, की घागर एकदा भरून द्यावी आणि मग ती दहा गावांत थोडी थोडी रिती करीत त्याने जन्मभर हिंडावे.

ह्याच्या अगदी उलट दिशेने विचार करणारा एक प्रयोग पुढे महाराष्ट्राच्या एका अवर्षणग्रस्त तालुक्यात झाला. तो अधिक विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

जामखेड हे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाचे गाव. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतले. १९७० साली त्यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. हगवण, धनुर्वात, देवी-गोवर, उपासमार अशी त्याची कारणे. आणि त्यांतली बहुतेक अशी, की ज्यांच्यावरचा उपाय रुग्णालयात नसून घराच्या उंबऱ्याच्या आत आहे.

पहिला विचार साहजिकच असा, की शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवाव्यात. तो फसला. परक्या गावची, एकटी राहणारी, शहरी वळणाची तरुण मुलगी गावाने आपली मानली नाही, आणि तिलाही गाव आपले वाटले नाही. तेव्हा गावातीलच एखादी पोक्त, मुलाबाळांची बाई गावानेच निवडावी आणि तिलाच तयार करावे, असे ठरले. निवडून आलेल्या बायकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. पुष्कळशा त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या होत्या. काही टाकलेल्या, काही विधवा. वैद्यकीय शिक्षणाच्या रूढ कल्पना घेऊन बसलेल्या माणसाने त्या रांगेकडे पाहिले असते, तर त्याने कपाळाला हातच लावला असता!

त्यांच्या शिक्षणाची रीत अशी ठेवण्यात आली. एकदाच दोन-तीन महिने डांबून ठेवून सर्व विद्या पाजावयाची नाही. दर आठवड्याला दोन दिवस जामखेडला यावयाचे, बाकीचे दिवस गावात काम करावयाचे, आणि पुन्हा यावयाचे. पहिला धडा रोगाचा नव्हताच. चारचौघींत उभे राहून, मान वर करून, स्वतःचे नाव स्पष्ट उच्चारणे हाच पहिला धडा होता. जिला आयुष्यभर कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई म्हणूनच हाक मारली गेली, तिला तो किती अवघड गेला असेल, ह्याची कल्पना शहरातील सुशिक्षित स्त्रीलाही येऊ शकेल. दुसरा धडा जेवणाचा. सर्व जातींच्या बायकांनी एका पंक्तीस बसावयाचे, आणि रात्री एकाच भल्या मोठ्या पांघरुणाखाली निजावयाचे. ह्यातील काहीच व्याख्यान देऊन शिकविता आले नसते. क्ष-किरणांचे फोटो त्यांच्यापुढे ठेवून, ह्यातील उच्च जातीचे काळीज कोणते आणि हलक्या जातीचे कोणते ते ओळखा, असे त्यांना विचारले जाई. ओळखता कोणालाच येत नसे, आणि शरीरशास्त्राबरोबरच दुसरेही एक शास्त्र त्या क्षणी शिकवून होत असे.

आणि मग दर आठवड्याची बैठक. प्रत्येकीने आपल्या गावात गेल्या सात दिवसांत काय घडले ते सांगावयाचे. कोणाकडे बाळंतपण झाले, कोणाचे मूल जुलाबाने सुकले, कोणी सांगितलेले ऐकले नाही, आणि का ऐकले नाही. ह्या ‘का’मध्येच सगळे शिक्षण साठलेले असते. उदाहरणार्थ, जुलाबाने मुलाच्या अंगातील पाणी कमी झाले म्हणजे त्याची टाळू खोल जाते, हे वैद्यक सांगते. खेड्यातील आजीनेही खोल गेलेली टाळू शेकडो वेळा पाहिलेली असते. फक्त तिच्या मते टाळू खोल गेल्यामुळे मूल आजारी झालेले असते, म्हणून ती टाळूवर तेल थापते. येथे आजीला अडाणी म्हणणारी सेविका त्या घरात पुन्हा पाऊल टाकू शकणार नाही. आजीचे निरीक्षण अचूक आहे. कार्य आणि कारण ह्यांची तेवढी अदलाबदल झाली आहे. तेव्हा, ‘टाळू पाहिलीत ते बरे केलेत, आता बाहेरून तेल घालता तसे आतूनही काही घालू या,’ असे म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याची वाटी पुढे करणारी बाई जिंकते. असे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते. ते अशा बैठकीत, पंधरा-वीस बायकांच्या अनुभवांचे घर्षण होऊनच निघू शकते, आणि मग एका गावची युक्ती पुढल्या आठवड्यात वीस गावांची होते.

ह्या शिक्षणाला परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, आणि शेवटही नव्हता. वर्षांमागून वर्षे त्या बायका येत राहिल्या. खोकल्याच्या औषधापासून आरंभ झालेले शिक्षण क्षय, कुष्ठरोग, रक्तदाब असे पुढे पुढे गेले; कारण गावापुढचे प्रश्नही बदलत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश झाला, आणि १९७८ साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्याविषयी जी जगप्रसिद्ध परिषद भरली, तिच्या विचारांमागे अशा कामांचा अनुभव होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण त्याहून बोलका आकडा अर्भकांचा आहे. हजारी १७६ हे प्रमाण १९९०नंतरच्या दशकात पंचविशीच्या आसपास आले होते. ह्या बदलाचे सारे श्रेय एकट्या सेविकांना देता येणार नाही. पाणी आले, शेती सुधारली, लस आली. तथापि लस आणि आई ह्यांची गाठ घालून देणारे माणूस तेथे होते, म्हणून ती लस कामी आली.

जामखेडच्या एक आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ ह्या १९८८ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय सभेत बोलावयास उभ्या राहिल्या. तेथील दिवाणखान्यातील उंची झुंबरांकडे पाहून त्यांनी डॉक्टरांची तुलना झुंबराशी आणि आपल्यासारख्या सेविकांची साध्या वातीच्या दिव्याशी केली. झुंबर पुष्कळ उजळते, पण ते आपल्याजवळचा प्रकाश दुसऱ्यास लावून देऊ शकत नाही. दिव्याने मात्र दिवा लागतो, असा त्यांचा आशय होता. आज जामखेडच्या प्रशिक्षण संस्थेत देशोदेशींचे डॉक्टर व कार्यकर्ते शिकावयास येतात, आणि त्यांच्या शिक्षकांमध्ये ह्या अल्पशिक्षित सेविकांचाही समावेश असतो. शिकणारा शिकविणारा झाला म्हणजे त्याचे स्वतःचे शिक्षण दुप्पट वेगाने होते, हे शाळामास्तरांना ठाऊक आहेच.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनेही हाच मार्ग आपल्या रीतीने चोखाळला. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावा लागतो. पण ज्या बाईला बारापुढे अंक येत नाहीत तिने तो मोजावा कसा? ह्यावर, आधी अंक शिकवावेत आणि मग न्यूमोनिया, असा उपाय पंतोजीने सुचविला असता. सर्चने एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी एकत्र करून एक साधे उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. ठरलेल्या मण्याच्या पुढे गेले, की मूल धोक्यात. नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशभरच्या ‘आशा’ सेविकांच्या शिक्षणक्रमात त्याला स्थान मिळाले.

ह्या ‘आशा’ सेविका २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. साधारण हजार वस्तीला एक, अशा त्या देशात आज दहा लाखांच्या घरात आहेत. पहिल्या वर्षी तेवीस दिवसांचे प्रशिक्षण, ते पाच हप्त्यांत विभागलेले, अशी त्यांच्यासाठी मूळ आखणी होती. नंतर नव्या पुस्तिका आल्या तसे आणखी दिवस त्यात वाढले. आकड्यांच्या दृष्टीने हा प्रयत्न अफाट आहे, आणि त्याची थट्टा करणे अन्यायाचे होईल. परंतु दर आठवड्याला भेटणाऱ्या वीस बायका आणि वर्षातून पाच वेळा एखाद्या सभागृहात बसविलेल्या बायका ह्यांच्या शिकण्यात जो फरक पडतो, तो पुस्तिका कितीही सुंदर छापली तरी भरून निघत नाही. सभागृहात प्रश्न विचारणारा सरकारी असतो. मग उत्तरही सरकारी मिळते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शिकण्याला वेळ लागतो, आणि गरिबाच्या वेळेला मोल असते. विद्यापीठाच्या प्राध्यापकास उजळणी वर्गास जावयाचे असेल, तर त्याची रजा पगारी धरली जाते. प्रशिक्षणास गेलेल्या सेविकेला त्या दिवसाचा भत्ता मिळतो, हे खरे. पण तिचे काम ‘स्वयंसेवा’ गणले जाते आणि तिच्या मिळकतीचा काही भाग केलेल्या कामांच्या संख्येवर ठरतो. शिकण्यात गेलेल्या दिवशी बाळंतपण चुकले तर ते तिच्या हिशेबात येत नाही. घरी कोणी तरी भाकऱ्या थापाव्या लागतात, त्या वेगळ्याच. अशा स्थितीत प्रशिक्षणाकडे ती संधी म्हणून पाहील की दंड म्हणून, हे सांगण्यास फारशा कल्पकतेची गरज नाही. १९७८ साली देशभर जो राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यातील शिक्षकाला महिना पन्नास रुपये मानधन होते. तेवढ्यात त्याने वर्ग चालवावा, तो भरवावा, अहवाल लिहावेत आणि आपली तयारीही करावी, अशी अपेक्षा धरलेली होती!

ह्या संदर्भात स्कॉटलंडची हकीकत पाहण्यासारखी आहे. तेथे १९७५ साली अलेक्झांडर समितीचा अहवाल आला. प्रौढांचे शिक्षण, तरुणांबरोबरचे काम आणि वस्तीची संघटना ही तीन कामे तेथे पुढे एकाच व्यवसायाच्या तीन शाखा मानली गेली. ह्या व्यवसायाची पात्रता ठरविण्यासाठी एक परिषद आहे. विद्यापीठांतील अभ्यासक्रमांना मान्यता देणे, काम करणाऱ्यांची नोंदवही ठेवणे आणि नोकरीत असताना त्यांचे शिक्षण चालू राहील असे पाहणे, अशी तिची तीन कामे. नोंदणी ऐच्छिक आहे. पण ज्याने नाव घातले, त्याने आचारसंहिता पाळण्याचे आणि स्वतः शिकत राहण्याचे बंधन स्वीकारले, असा तिचा अर्थ. वस्तीत काम करणारा मनुष्य कोणी परोपकारी गृहस्थ नसून एक व्यावसायिक आहे, त्याच्या शिकण्याचा खर्च हा कामाच्याच खर्चाचा भाग आहे, हे तेथे तत्त्वतः तरी मान्य झालेले आहे. व्यवसाय झाला म्हणजे दरवाजाही लहान होतो, ही त्याची दुसरी बाजू. जामखेडची अक्षरओळख नसलेली सेविका अशा नोंदवहीत कोठे बसली असती, हा प्रश्न उरतोच.

स्कॉटलंडचा आणि मुंबईचा ह्या बाबतीत एक जुना ऋणानुबंधही आहे. एडिंबरोस उन्हाळी वर्ग चालविणारे आणि तेथल्या ‘आउटलुक टॉवर’मधून नागरिकांस आपलेच शहर पाहावयास शिकविणारे पॅट्रिक गेडीस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले, गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे उत्तराधिकारी. त्यापूर्वी होळकरांच्या इंदुरात नगररचनेचे काम करताना गेडीसनी शहर-स्वच्छतेवर व्याख्याने झोडली नाहीत. दिवाळीची मोठी मिरवणूक ठरविली, आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ झालेले असतील त्यांवरूनच ती जाईल अशी दवंडी दिली. प्लेगच्या उंदराची भली थोरली प्रतिमा त्या मिरवणुकीत होती. घरोघर केरसुण्या बाहेर निघाल्या. लोकशिक्षकाच्या शिक्षणात ही एक गोष्ट जरी सांगितली गेली, तरी दहा तक्ते पाठ करण्याचे श्रम वाचतील.

हे सर्व खेड्यापाड्यांचे झाले. शहरातील सुशिक्षित कुटुंबाचा त्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. परंतु २०२२ ते २०२७ ह्या पाच वर्षांसाठी आखलेला नव भारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला ‘उल्लास’ असे नाव आहे, तो सर्वस्वी स्वयंसेवकांवर उभा आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवावयाचे, आणि तेही कोणत्याही मोबदल्याशिवाय. शिकविणारे म्हणजे विद्यार्थी, निवृत्त माणसे, गृहिणी. धुणेभांड्यास येणाऱ्या बाईला सही शिकवावी, असे मनात येणारी घरे पुष्कळ आहेत. चार दिवसांनी पाटी फळीवर जाते, आणि ‘तिलाच हौस नाही’ असा निकाल लागतो.

खरे कारण पुष्कळदा फार साधे असते. चाळिशी उलटलेल्या बाईला जवळचे अक्षर दिसतच नाही, आणि तसे सांगावयाची तिला लाज वाटते; शिकविणारी स्वतः चष्मा लावून बसलेली असूनही ही गोष्ट तिच्या ध्यानात येत नाही. किंवा ‘अ’ अननसाचा काढून देण्यात आठवडा जातो, आणि तिला वाचावयाची असते बसवरची पाटी, शिधापत्रिकेवरचे आपले नाव आणि मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी. किंवा मग, ज्या घरात ती भांडी घासते त्याच घरात पाटी घेऊन जमिनीवर बसणे तिला नको असते, आणि खुर्चीवर बसा असे तिला कोणी म्हटलेले नसते. ह्या तिन्ही गोष्टी कोणा अनुभवी माणसाने आधी सांगून ठेवल्या असत्या, तर अर्धे वर्ग वाचले असते.

तेव्हा स्वयंसेवकानेही आधी थोडे शिकावे हे उत्तम. त्यासाठी पदवीची जरुरी नाही. विद्यापीठांचे प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग आहेत. मुंबईत १९६७ साली निघालेल्या श्रमिक विद्यापीठाच्या धर्तीवर वाढलेली जनशिक्षण संस्थाने आहेत. ‘उल्लास’चे साहित्य दूरध्वनीच्या पडद्यावरही उपलब्ध आहे. पण ह्या सर्वांहून उपयोगी पडेल ती एक लहानशी व्यवस्था, आणि ती कोणत्याही सोसायटीच्या आवारात होण्यासारखी आहे. शिकविणाऱ्या चार-पाच जणींनी पंधरा दिवसांतून एकदा तासभर एकत्र बसावे. कोणाचा वर्ग कोठे अडला, कोण यावयाची थांबली आणि का थांबली, एवढेच बोलावे. जमेल तेव्हा एकीने दुसरीच्या वर्गात जाऊन मागे गुपचूप बसावे. आणि शिकावयास येणाऱ्या बायकांपैकी जिची गती चांगली असेल, तिला महिन्या-दोन महिन्यांत ह्या बैठकीत घ्यावे. कोणत्या पाठाला बायका मनातल्या मनात हसतात, हे तिच्याशिवाय दुसरे कोणी सांगणार नाही. बैठकीची वेळ ठरविताना तिच्या कामाची घरे आधी विचारून घ्यावीत. सकाळी अकराची वेळ सुशिक्षित गृहिणीला सोयीची वाटते. पण त्या वेळी ती बहुधा तिसऱ्या मजल्यावरची भांडी घाशीत असते.